बारा मिनिटांत किती धावता? खरा आकडा असा काढा

पहाटे साडेपाचला नागपुरातल्या कुठल्याही मैदानावर जा, भरतीची तयारी करणारी पोरं राउंड मारताना दिसतील. रोज धावतात, मनापासून धावतात. पण महिन्याभरात किती फरक पडला असं विचारलं, तर "बरं वाटतंय" एवढंच उत्तर मिळतं. फरक कळायला आधी आकडा हवा, तोही खरा.

त्यासाठी कूपर चाचणी पुरेशी आहे. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी ती १९६८ साली मांडली. बारा मिनिटांत जास्तीत जास्त किती मीटर धावता येतं ते मोजायचं, बस. त्या अंतरातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागलं, की शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज येतो. २४०० मीटर म्हणजे साधारण ४२. चाळिशी ओलांडली असेल, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

चाचणी ४०० मीटरच्या ट्रॅकवरच घ्या, मानकापूरच्या क्रीडा संकुलात आहे तशा. फुटाळा तलावाच्या काठावर किंवा सेमिनरी हिल्सच्या चढावर सराव छान होतो, मोजमाप नाही. पहिल्या लेनमध्येच धावा. तिसऱ्या लेनमध्ये प्रत्येक राउंडला पंधरा मीटर जास्त पडतात आणि ते हिशेबात येत नाहीत. घड्याळातल्या जीपीएसवर विसंबू नका, राउंड मोजा.

आता खरी अडचण. पहिला राउंड.

"सुरुवातीला जोर लावा, मग जमेल तसं ओढा" हा सल्ला मला मिळाला होता आणि मी तो पाळला. पहिला राउंड १ मिनिट ३५ सेकंदांत, दुसरा १:५०, मग २:०५, २:१५, २:२०. शेवटी पाय शिशाचे झाले, जेमतेम २३३० मीटर भरले. दहा दिवसांनी त्याच ट्रॅकवर, त्याच वेळी पुन्हा धावलो. या वेळी पहिला राउंड मुद्दाम २:०२ चा ठेवला आणि पुढचा प्रत्येक राउंड थोडा थोडा वेगात घेतला. अंतर भरलं २४५० मीटर. दहा दिवसांत दमसास एवढा वाढत नाही. ते १२० मीटर मी पहिल्या वेळी चुकीच्या वेगापायी घालवले होते.

हे नीट समजून घ्या. त्या २३३० वरून मी सराव सुरू केला असता आणि दोन महिन्यांनी २४५० आले असते, तर सगळं श्रेय सरावाला दिलं असतं. प्रत्यक्षात सुधारणा शून्य असती. पहिला आकडा खोटा निघाला की पुढचा सगळा हिशेब खोटा होतो. म्हणून माझा आग्रह आहे: आठ-दहा दिवसांच्या अंतराने चाचणी दोनदा घ्या आणि पहिली सोडून द्या. कुणी कितीही घाई केली तरी ऐकू नका.

वेग सांभाळायला सोपी युक्ती आहे. २४०० चं लक्ष्य असेल तर १०० मीटरला ३० सेकंद. २०० मीटरच्या खुणेवर मित्राला स्टॉपवॉच घेऊन उभं करा आणि वेळ मोठ्याने सांगायला लावा. तो साठ ऐवजी पन्नास म्हणाला तर लगेच वेग कमी करा. त्या क्षणी अंगात भरपूर ताकद असते, आपण उगाच मागे राहतोय असं वाटतं, शेजारून पोरं पुढे निघून जातात. जाऊ द्या. दम खरा लागायला हवा तो चौथ्या राउंडनंतर.

दुसरी फसवणूक आपल्या उन्हाची. उष्णतेत शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. डिसेंबरच्या थंडीतला आकडा आणि नवतपातला, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, आकडा शेजारी ठेवू नका. मे महिन्यात अंतर घटलं म्हणून खचलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांचा दमसास कुठेही गेला नव्हता.

सरावाचं थोडक्यात: आठवड्यातून एक दिवस ४०० मीटरचे सहा राउंड, चाचणीपेक्षा जरा वेगात, मधे दोन मिनिटं हळू जॉगिंग. एक दिवस लांब पल्ला. बाकी दिवशी धावता धावता पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं हळू. "२२० वजा वय" हे सूत्र बाजूला ठेवा, त्यात दहा-बारा ठोक्यांची चूक सहज निघते. त्यापेक्षा सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मिनिटभर नाडी मोजून वहीत लिहा. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त असतील, तर त्या दिवशी जोराचा सराव टाळा.

सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा चाचणी: तोच ट्रॅक, तीच लेन, तीच वेळ, तेच बूट, आदल्या दिवशी विश्रांती. वहीत अंतराबरोबर प्रत्येक राउंडची वेळ आणि त्या पहाटेचं तापमानही लिहा.