इलस्ट्रेशन शिकायला निघालात? आधी मजकूर वाचायला शिका

कला महाविद्यालयात आलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षी आपली शैली शोधायची घाई असते. माझ्या मते त्या शोधात वेळ घालवू नये. भरपूर काढत राहिलं की शैली हाताला लागतेच. मुद्दाम शिकावी लागते ती वेगळीच गोष्ट: समोरच्या मजकुरातलं नेमकं काय काढायचं आणि काय सोडायचं, हे ठरवणं.

आमचे एक सर एकच परिच्छेद द्यायचे आणि त्याची पानभर थंबनेलं, म्हणजे छोट्या चौकटींतली झटपट रेखाटनं, काढून घ्यायचे. समजा, मजकुरात लिहिलंय, ‘तिने दार उघडलं.’ पहिल्या दोन-चार चौकटींत सगळेच उघडणारं दार काढतात. पण ते तर लेखकाने सांगूनच टाकलंय! मग पुढच्या चौकटींत कुणी कडीवर थबकलेला हात काढतो, कुणी आत बसलेल्या माणसाचं दचकणं. चित्राचं खरं काम तिथून सुरू होतं. वर्गात चर्चेला चित्रं लावली की सर रंगांबद्दल फारसं बोलत नसत. ‘हाच क्षण का?’ एवढंच विचारत. आज आर्ट डायरेक्टरला (चित्रांचं काम देणाऱ्या-तपासणाऱ्या माणसाला) रफ, म्हणजे कच्चं चित्र, पाठवताना मी तोच प्रश्न स्वतःला विचारते.

लाइफ ड्रॉइंगचा, म्हणजे समोरच्या माणसाला बघून चित्र काढण्याचा, कंटाळा करू नका. एक-दोन मिनिटांच्या पोझ काढून काय मिळणार, असं वाटतं. पण चित्रपुस्तकात तेच पात्र धावताना, रुसताना, पाठमोरं, वरून पाहिलेलं असं पुन्हा पुन्हा काढायचं असतं आणि प्रत्येक पानावर ते तेच वाटलं पाहिजे. चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात, कारण छापील कागद घडी घालून ८ किंवा १६ पानांचे फर्मे (एकत्र बांधायचे गठ्ठे) बनतात. शीर्षकाची वगैरे पानं वजा केली की गोष्टीला साधारण १२ ते १४ जोडपानं (समोरासमोरची दोन-दोन पानं) उरतात. उत्सुकता उजव्या पानावर ताणायची आणि उत्तर पान उलटल्यावर द्यायचं. चेहरा बांधणीच्या खाचेत जाऊ द्यायचा नाही, कडेला बहुधा ३ मिमी ब्लीड, म्हणजे कागद कापताना जाणारा चित्राचा जास्तीचा भाग, ठेवायचं. या गोष्टी पुस्तकाची डमी हाताने शिवून बघितली की पक्क्या होतात.

पदवी लागतेच का? प्रकाशक आधी काम बघतात. इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहॅम दिवसा विमा कंपनीत कारकुनी करत आणि संध्याकाळी लंडनमधल्या लँबेथच्या कलाशाळेत शिकत. मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार क्वेंटिन ब्लेक केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकले होते, आणि पुढे १९७८ ते १९८६ या काळात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये इलस्ट्रेशन विभागाचे प्रमुख होते. तरीही महाविद्यालयाचा मोठा फायदा आहेच: रोज काम तपासणारे डोळे आणि सोबतीला काढणारी मंडळी. बाहेर ते मिळवायला फार खटपट करावी लागते.

पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या निवडक कामांच्या संचात, वर्गातला सगळा गृहपाठ भरू नका. जे काम मिळावंसं वाटतं तेच त्यात दिसू द्या. मुलांची पुस्तकं करायची असतील तर एकच पात्र सलग तीन-चार प्रसंगांत दाखवा; सुटी सुंदर चित्रं बघून तुम्ही गोष्ट पेलू शकाल का, हे कळत नाही. दोन-तीन रफही ठेवा, विचार कसा करता ते दिसतं.

सुरुवातीची काही वर्षं बहुतेक जण जोडीला शिकवतात, जाहिरातींचे स्टोरीबोर्ड (दृश्यांचे क्रमवार चित्रआराखडे) करतात, नियतकालिकांसाठी दिवसा-दोन दिवसांत चित्रं देतात. ही कामं मला मोलाची वाटतात. पटकन निर्णय घ्यायची सवय तिथेच लागते.

पैशांबद्दल मात्र महाविद्यालयात फार कमी बोललं जातं, म्हणून इथे सांगते. कॉपीराइट शक्यतो विकू नका, वापराचा परवाना द्या: कुठल्या माध्यमासाठी, किती काळ, कोणत्या प्रदेशात. पुस्तकासाठी अॅडव्हान्स मिळाला तर तो रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीतल्या आपल्या वाट्यातून, वळता होतो; पुस्तक तेवढं खपल्यावरच पुढची रॉयल्टी हातात येते. एकरकमी मानधन असेल तर पुनर्मुद्रणाचं काय, ते आधीच विचारा. रफ किती वेळा बदलून द्यायचे आणि काम मध्येच रद्द झालं तर किती पैसे मिळणार, हे पहिली रेघ ओढण्याआधी लेखी घ्या.