सॅटेलाईट फोटोवरून आपल्या डोंगराचं जंगल कसं बघायचं

पाटण, जावळी, शिराळा या बाजूला आता बऱ्याच गावांत पोरांचे ग्रुप झाडं लावतात, वणवा विझवायला धावतात, त्यांच्यासाठी लिहितोय. खड्डे काढायच्या आधी लॅपटॉपवर एक संध्याकाळ बसा, सगळं फुकट मिळतं.

आधी गुगल अर्थ प्रो. गावचा डोंगर शोधा, पॉलिगॉनने, म्हणजे नकाशावर बिंदू जोडून काढलेल्या बंद आकृतीने, हद्द काढा आणि केएमएल फाईल (हद्द साठवायची नकाशाची फाईल) सेव्ह करा. हद्द अंदाजाने काढू नका, गावचा नकाशा शेजारी ठेवा नाहीतर वनरक्षकांना विचारा, कारण मालकीचं रान कुठं संपतं आणि वनखात्याचं कुठं सुरू होतं ते फोटोत दिसत नाही. जुने फोटो घड्याळाच्या चिन्हावर मिळतात.

मग कोपर्निकस ब्राउझर, म्हणजे युरोपच्या सॅटेलाईटचे फोटो दाखवणारी वेबसाईट, उघडून तीच फाईल टाका. त्यांचा सेंटिनेल-2 सॅटेलाईट साधारण दर 5 दिवसांनी आपल्यावरून जातो, एक पिक्सेल (फोटोतला एक ठिपका) 10 मीटरचा, म्हणजे सुटं झाड नाही दिसणार पण राईचा पट्टा नीट दिसतो. एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) निवडला की कुठं हिरवा पाला जास्त ते रंगात कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रंग बघायच्या आधी तारीख बघा. जून ते सप्टेंबर नुसते ढग. ऑक्टोबरात गवतसुद्धा इतकं हिरवं असतं की अख्खा डोंगर जंगल वाटतो. मार्चचा फोटो काढा, गवत वाळलेलं असतं, मग जे हिरवं उरतं ते म्हणजे सदाहरित झाडी, ओढ्याकाठ, देवराई... आणि ऊस! कृष्णाकाठचा ऊस मार्चमध्ये भल्याभल्या जंगलापेक्षा हिरवा दिसतो, तो हद्दीबाहेर ठेवा. उलट पानझडी झाडं तेव्हा पानं गाळून उभी असतात, त्यांची जागा उजाड वाटते पण ते जंगलच असतं, म्हणून नोव्हेंबर आणि मार्च दोन्ही शेजारी लावा आणि शंका आली तर गुगल अर्थवर झूम करून झाडांच्या सावल्या बघा, गवताची सावली पडत नाही. दोन वर्षांची तुलना करताना महिना तोच पाहिजे.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, मात्र झाडं लावू नका, हात जोडून सांगतो. फोटोत तपकिरी, ओसाड दिसतो म्हणून लोक तिथंच वृक्षारोपण करायला जातात, पण कासची फुलं त्या कातळावरच्या पातळ मातीमुळेच तर येतात.

काम कुठं करायचं? देवराईच्या आणि ओढ्याच्या कडेने, जिथं दरवर्षी हिरवा काठ थोडाथोडा पुढं सरकतोय. तिथं आग आणि चराई थांबवली तर जांभूळ, उंबर पाखरं स्वतःच आणून टाकतात, रोपांपेक्षा राखण जास्त लागते. सेंटिनेलच्याच एसडब्ल्यूआयआर (डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाच्या) फोटोत जळालेला उतार गडद डागासारखा उठून दिसतो. मागच्या चार-पाच वर्षांचे मार्च-एप्रिलचे डाग एकावर एक ठेवले की दरवर्षी कुठून पेटतं ते कळतं, जाळरेषा (आग पुढं जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) तिथंच हवी, तीही उन्हाळा लागायच्या आत. नासाची फर्म्स ही वेबसाईट आगीची जागा दाखवते पण पिक्सेल 375 मीटरचा, गवताची छोटी आग त्यातून सुटते.

यानंतर चालत जायचंच. फोनमध्ये एसडब्ल्यू मॅप्स हे नकाशाचं ॲप टाका, आपला पॉलिगॉन उघडा आणि हिरव्या डागात जाऊन उभे राहा. रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली तणं वरून झक्कास हिरवी दिसतात, जवळ गेल्यावर कळतं की खाली एक रोप उगवू देत नाहीत. अशा जागा वेगळ्या रंगाने मार्क करा.

राखण केल्यावर डोंगर कसा बदलतो ते बघायचं असेल तर आपल्या सांगलीतलं सागरेश्वर बघा. उघड्या डोंगरावर धों. म. मोहिते अण्णांच्या पुढाकाराने लोकांनी उभं केलेलं जंगल आहे ते, 1985 ला अभयारण्य झालं. गुगल अर्थचा टाइमलॅप्स 1984 पासून आहे, तिथून पुढं सरकवत या.

नकाशा तयार झाला की प्रिंट काढून वन समितीच्या बैठकीत ठेवा. कोयना-चांदोलीच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात किंवा राखीव वनात परवानगीशिवाय काहीही करायचं नाही, अर्जाला हाच नकाशा जोडा.