एशियन क्रिएटरची ॲडल्ट जाहिरात करताना या चुका टाळा

ॲडल्ट प्लॅटफॉर्मच्या जाहिरातीत गोऱ्या क्रिएटरची (तिथे स्वतःचं प्रौढांसाठीचं साहित्य विकणारीची) ओळख तिच्या नावाने होते, फार तर तिच्या शैलीने. एशियन क्रिएटर असली की वंश पहिल्या शब्दात येतो, त्याला ‘लाजाळू’, ‘आज्ञाधारक’, ‘नाजूक’ असलं एखादं विशेषण चिकटतं आणि नाव शेवटी कुठेतरी बारीक अक्षरात उरतं. हा लेख अशा जाहिरातींची कॉपी, बॅनर, थंबनेल (छोटं चित्र) किंवा कीवर्ड म्हणजे शोधशब्दांची यादी बनवणाऱ्यांसाठी आहे. हा धंदा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानमध्ये चालतो, पण त्याचं फ्रीलान्स काम कुठल्याही देशातल्या टेबलावर येऊ शकतं. भारतात बसून काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ए नुसार उघड लैंगिक कृतीचं साहित्य इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रकाशित करणं किंवा पाठवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ब्रीफमध्ये, म्हणजे क्लायंटने दिलेल्या कामाच्या तपशिलात, तसं साहित्य असेल तर होकार देण्याआधी वकिलाला विचारा.

कीवर्ड यादी म्हणजे मागणी, असं समजणं

बहुतेक चुका इथेच जन्म घेतात. क्लायंट कीवर्डची एक्सेल शीट पाठवतो, कॉपी लिहिणारा त्यातले सर्वाधिक शोधले जाणारे शब्द उचलतो आणि ‘लोकांनाच हे हवंय’ म्हणून मोकळा होतो. पण ही यादी आपोआप उगवत नाही. आधीच्या शीर्षकांनी, टॅगांनी आणि जाहिरातींनी लोकांना जे शब्द शिकवले तेच ते शोधात टाइप करतात आणि तेच पुन्हा यादीत चढतात.

याचं ढळढळीत उदाहरण २०२० सालचं आहे. ‘द मार्कअप’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने जुलैमध्ये दाखवून दिलं की गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये (जाहिरातदारांना शोधशब्द सुचवणाऱ्या साधनात) ‘एशियन गर्ल्स’, ‘ब्लॅक गर्ल्स’ किंवा ‘लॅटिना गर्ल्स’ टाकलं की सुचवलेल्या शब्दांपैकी बहुतांश अश्लील असायचे. ‘व्हाइट गर्ल्स’ टाकल्यावर मात्र एकही सूचना येत नव्हती. बातमीनंतर गूगलने त्या शब्दांच्या सूचना बंद केल्या. हे साधन ॲडल्ट जाहिरातींसाठी बनलेलं नव्हतं, तरी त्याची ही अवस्था होती. ॲडल्ट नेटवर्कच्या याद्या त्याहून शुद्ध असतील अशी अपेक्षा ठेवू नये.

उपाय सोपा आहे, पण कंटाळवाणा. यादीचे तीन ढीग करा. पहिल्यात निव्वळ वर्णन करणारे शब्द ठेवा: देश, भाषा, क्रिएटरचं नाव, कंटेंटचा प्रकार. दुसऱ्यात वंशाला स्वभाव किंवा शरीर जोडणारे शब्द घाला. तिसऱ्यात शिव्या, हिणवणारे शब्द आणि वय कमी असल्याचं सुचवणारे शब्द. पहिला ढीग वापरा, तोही क्रिएटरच्या होकाराने. दुसरा ढीग कॉपीतून पूर्ण काढा. तिसरा नुसता वगळून भागत नाही, तो निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाका, म्हणजे त्या शब्दांच्या शोधात जाहिरात दिसणार नाही. नाहीतर ब्रॉड मॅचमधून (मिळत्याजुळत्या शोधांनाही जाहिरात दाखवणाऱ्या सेटिंगमधून) तोच ट्रॅफिक मागच्या दाराने येतो.

वंश हा शोधाचा शब्द असू शकतो, स्वभावाची हमी नव्हे. म्हणून टॅगमध्ये ‘जपानी’ चालेल, हेडलाइनमध्ये ‘जपानी म्हणून आज्ञाधारक’ चालणार नाही. शंका आली तर वंशाच्या जागी ‘कॅनेडियन’ घालून वाक्य मोठ्याने वाचा. ‘लाजाळू, आज्ञाधारक कॅनेडियन’ हसू आणत असेल तर मूळ वाक्यही काढा.

साचा कुठला आहे हेच माहीत नसणं

हे साचे, म्हणजे वंशावरून गृहीत धरलेल्या ठरीव प्रतिमा, आजचे नाहीत. अमेरिकेने १८७५ साली केलेल्या पेज कायद्याने ‘अनैतिक हेतूने’ येणाऱ्या पौर्वात्य स्त्रियांना बंदी घातली. प्रत्यक्षात त्यामुळे जवळजवळ प्रत्येक चिनी स्त्रीकडे संशयाने पाहिलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान, कोरिया आणि व्हिएतनाममधल्या लष्करी तळांभोवती सैनिकांसाठी बाजार उभे राहिले. १९६७ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या विश्रांतीच्या सुट्टीसाठी थायलंडशी करारच झाला. ‘सेवा करणारी, न बोलणारी’ ही प्रतिमा तिथून पक्की झाली. तिची जुळी बहीण म्हणजे कारस्थानी, निर्दय ‘ड्रॅगन लेडी’. ही जोडी ओळखता यायला हवी, कारण पहिली काढायला सांगितली की डिझाइनर हमखास दुसरी आणून ठेवतो: लाल ओठ, लांब नखं, हातात पंखा. असं केल्याने साचा तसाच राहतो, त्याचा मुखवटा तेवढा बदलतो.

याचा परिणाम कागदावर राहत नाही. १६ मार्च २०२१ रोजी अटलांटा परिसरातल्या तीन स्पांमध्ये ८ जणांचा खून झाला. त्यांपैकी ६ एशियन वंशाच्या स्त्रिया होत्या. आरोपीने पोलिसांना लैंगिक ‘व्यसना’चं कारण सांगितलं आणि त्या जागा म्हणजे आपल्यासाठी मोह होता असा दावा केला.

थंबनेलमध्ये अख्खा खंड कोंबणं

३०० बाय २५० पिक्सेलच्या बॅनरमध्ये जागा किती असते? तरी त्यात किमोनो, चिनी कंदील, चेरीची फुलं आणि ब्रशने काढल्यासारखी इंग्रजी अक्षरं एकत्र बसवलेली दिसतात. क्रिएटर मात्र फिलिपिनो वंशाची, जन्म व्हँकूव्हरचा. प्रत्येक बॅनरसाठी चार गोष्टी तपासा.

पोशाख कंटेंटमध्ये खरोखर आहे का? नसेल तर काढा. पार्श्वभूमीचा देश आणि क्रिएटरचा देश जुळतो का? फॉन्ट साधा आहे का? ब्रशछाप ‘पूर्वेकडचा’ फॉन्ट कुठल्याही कारणाने नको. आणि चेहरा कापलेला आहे का? क्रिएटरने स्वतः चेहरा लपवायला सांगितलं नसेल तर चेहरा फ्रेममध्ये ठेवा. चेहरा कापला की खाली उरतं ते फक्त लेबल.

रंग उजळवणं ही वेगळी डोकेदुखी आहे, कारण ती बहुधा कोणी मुद्दाम करत नाही. एडिटरच्या तयार प्रीसेटमध्ये (आधीच ठरवलेल्या सेटिंगमध्ये) त्वचा दोन छटा उजळ होते आणि दक्षिण किंवा आग्नेय आशियातल्या क्रिएटरचा फोटो तिला स्वतःलाच ओळखू येत नाही. मूळ फाइल शेजारी उघडी ठेवून तुलना करा आणि अंतिम फोटोला तिची मंजुरी घ्या.

कॅप्शनमध्ये मुद्दाम मोडकं इंग्रजी लिहिणं हाही याच जातीचा प्रकार. क्रिएटर लंडनमध्ये वाढलेली असते आणि जाहिरात तिच्या तोंडी अर्धवट वाक्यं घालते. तिचे स्वतःचे मेसेज वाचा आणि ती लिहिते तसंच लिहा.

वय कमी भासवणारे शब्द

इथे वाटाघाटीला जागा नाही. एशियन प्रौढ स्त्रियांना बालिश दाखवण्याची खोड जाहिरातींत जुनी आहे. शाळेचा गणवेश, खेळणी, ‘छोटीशी’ अशा शब्दांनी ती सहज आत शिरते. मास्टरकार्डने ऑक्टोबर २०२१ पासून ॲडल्ट व्यापाऱ्यांवर लागू केलेल्या नियमांत दिसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचं वय आणि ओळख कागदपत्रांनी पडताळणं, कंटेंट प्रकाशनाआधी तपासणं आणि तक्रारींचा ७ कामकाजी दिवसांत निकाल लावणं बंधनकारक केलं. बालशोषण किंवा असंमती असल्याचा आभास निर्माण करणारं मार्केटिंग आणि शोधशब्दही त्यात मना आहेत. क्रिएटर ३४ वर्षांची असेल आणि सगळे कागद चोख असतील, तरी हेडलाइनने असा आभास दिला तर पेमेंट बंद होऊ शकतं. बॅनर थांबला तर एक दिवस जातो, पेमेंट थांबलं तर धंदाच बसतो.

पुरुष, ट्रान्स आणि ‘देसी’ क्रिएटर

पूर्व आशियाई पुरुषांच्या बाबतीत साचा उलटा फिरतो. त्यांना जाहिरातीतून गाळलंच जातं, किंवा विनोदी, दुबळे दाखवलं जातं. डेटिंग ॲपवर ‘नो एशियन्स’ लिहिण्याची रीत इतकी बोकाळली होती की ग्राइंडर या समलिंगी पुरुषांमध्ये लोकप्रिय डेटिंग ॲपने २०१८ मध्ये भेदभावाविरुद्ध मोहीम काढली आणि जून २०२० मध्ये वंशाचा फिल्टर काढून टाकण्याची घोषणा केली. एशियन पुरुष क्रिएटरचा बॅनर ‘चालत नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी तो किती वेळा दाखवला गेला ते पाहा. नेटवर्कचं ऑटो-ऑप्टिमायझेशन (जास्त चालणारी जाहिरात आपोआप पुढे करणारी यंत्रणा) सुरुवातीच्या थोड्याच इम्प्रेशनमध्ये, म्हणजे जाहिरात थोड्याच वेळा दिसल्यावर, त्याला खाली ढकलू शकतं आणि मग आकडे अर्थात वाईटच येतात. चाचणीच्या काळात सगळे बॅनर समान फिरतील अशी सेटिंग ठेवा.

थायलंडच्या ट्रान्स स्त्रियांसाठी जाहिरातींत सर्रास वापरला जाणारा ‘लेडीबॉय’ हा शब्द काही जणी स्वतः वापरतात, अनेक जणींना तो अपमान वाटतो. त्यामुळे तो डीफॉल्ट म्हणून कधीही नको, विचारून मगच.

ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई क्रिएटरवर ‘देसी’, ‘भाभी’, ‘आंटी’ हे शब्द लादले जातात. मराठी किंवा हिंदी जाणणाऱ्या कॉपीरायटरला हे काम मुद्दाम दिलं जातं, कारण ‘तुम्हाला भाषा कळते’. मग कळणाऱ्यानेच अडवायला हवं. नात्याचे शब्द जोडले की अविवाहित, २५ वर्षांची क्रिएटर अचानक कुणाची तरी वहिनी होते. शिवाय बुरखा, टिकली, मंगळसूत्र अशा गोष्टी प्रॉप म्हणून वापरल्या की वंशाबरोबर धर्मही ओढला जातो आणि तिला येणाऱ्या धमक्यांचं प्रमाण वाढतं. यातलं काही वापरायचं की नाही हे डिझाइनरने ठरवण्याचा प्रश्नच नाही.

फक्त क्लिक मोजणं

‘लेबलवाली हेडलाइन जास्त चालते’ हा युक्तिवाद बहुधा क्लिक-दरावर संपतो. पुढचे रकाने भरा. समजा दोन्ही हेडलाइन ५०,००० वेळा दाखवल्या आणि प्रत्येकी ५० डॉलर खर्च झाला. पहिलीत वंशाचं लेबल आहे: क्लिक १.४ टक्के, म्हणजे ७००, त्यातून सबस्क्रायबर १४. दुसरीत क्रिएटरचं नाव आणि कंटेंटचा प्रकार आहे: क्लिक ०.९ टक्के, म्हणजे ४५०, सबस्क्रायबर १८. दोन महिन्यांनी पहिलीचे ४ उरले, दुसरीचे ११. टिकलेल्या सबस्क्रायबरमागे खर्च १२.५० विरुद्ध सुमारे ४.५५ डॉलर. हे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत, तुमचे वेगळे येतील. पण ६० दिवसांचा रकाना नसलेल्या चाचणीवरून काहीही ठरवू नका.

चार्जबॅकचा, म्हणजे ग्राहकाने बँकेमार्फत पैसे परत घेण्याचा, रकानाही हवाच. जाहिरातीने एक ‘स्वभाव’ विकला आणि पानावर साधी, बोलकी, स्वतःच्या अटींवर काम करणारी बाई भेटली, तर फसवलं म्हणून पैसे परत मागणारे निघतात. मास्टरकार्डच्या निकषात महिन्याला किमान १०० चार्जबॅक आणि दीड टक्क्याचं प्रमाण गाठलं की व्यापारी देखरेखीखाली जातो आणि दंड सुरू होऊ शकतो.

आणि कधीकधी लेबल सगळ्या रकान्यांत जिंकतं, हेही खरं. तेव्हा निर्णय शीटने घ्यायचा नाही. इनबॉक्समधले वंशद्वेषी मेसेज क्रिएटरला वाचावे लागतात, म्हणून आकडे तिच्यासमोर ठेवा आणि तिला ठरवू द्या. काही क्रिएटर हे लेबल जाणूनबुजून, स्वतःच्या अटींवर वापरतात. त्यांना उपदेश करणं एजन्सीचं काम नाही.

एआयने चित्र बनवून घेणं

डिसेंबर २०२२ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’च्या एशियन वंशाच्या एका पत्रकाराने फोटोंवरून एआय चित्रं बनवणाऱ्या लेन्सा ॲपवर स्वतःचे फोटो टाकले. मिळालेल्या १०० चित्रांपैकी १६ मध्ये ती उघड्या छातीने होती, आणखी १४ मध्ये तिला अतिशय तोकडे कपडे होते. तिच्या पुरुष सहकाऱ्यांना अंतराळवीर, संशोधक अशी चित्रं मिळाली. ज्या फोटोंवर ही मॉडेलं शिकली त्यात एशियन स्त्रियांची अशी चित्रं भरलेली होती.

म्हणून प्रॉम्प्टमध्ये फक्त ‘एशियन वुमन’ लिहू नका. वय, पोशाख, जागा, प्रकाश, चेहऱ्यावरचा भाव सगळं सांगा. तरीही दहातली किती चित्रं साच्यात घसरतात ते मोजा. खऱ्या क्रिएटरच्या चेहऱ्यावर किंवा शरीरावर एआय चालवायचं असेल तर त्या विशिष्ट फोटोसाठी लेखी परवानगी हवी. मॉडेल रिलीजमधलं (फोटो वापरण्याच्या परवानगीपत्रातलं) ‘सर्व माध्यमांसाठी’ हे मोघम वाक्य पुरेसं मानू नका.

क्रिएटरला एकदाच विचारणं, अफिलिएटला कधीच नाही

ऑनबोर्डिंगच्या, म्हणजे क्रिएटरला कामात सामील करून घेतानाच्या, फॉर्ममध्ये एक पान वाढवा: कोणत्या नावाने जाहिरात करायची, वंश, देश किंवा भाषेचा उल्लेख चालेल का आणि नेमक्या कोणत्या शब्दांत, कोणते शब्द, पोशाख, प्रॉप अजिबात नकोत, कोणत्या देशांत जाहिरात दाखवू नये. शेवटचा प्रश्न अनेकदा राहून जातो. नातेवाईक असलेल्या देशात जाहिरात झळकली की तिला जिवाची भीती असू शकते, तिथे जिओ-ब्लॉक लागतो, म्हणजे त्या देशात जाहिरात दिसू न देणारी सेटिंग. हे पान दर ६ महिन्यांनी पुन्हा भरून घ्या.

इतकं करूनही घाण बाहेरून येते, कारण कमिशनवर काम करणारे अफिलिएट स्वतःच्या हेडलाइन लावतात. त्यांना ५ मंजूर हेडलाइन आणि ६ चित्रांचा संच द्या. बदल करायला मनाई आणि दुसऱ्या उल्लंघनाला कमिशन बंद, हे करारातच लिहा. प्रत्येकाला वेगळा ट्रॅकिंग आयडी द्या, नाहीतर कुठलं बॅनर कुणाचं हे कळत नाही. आठवड्यातून एकदा वेगवेगळ्या देशांच्या व्हीपीएनवरून (दुसऱ्या देशातून पाहत असल्यासारखं दाखवणाऱ्या सेवेवरून) स्वतः जाहिराती पाहून स्क्रीनशॉट ठेवा. काही जण ऑफिसच्या आयपीला (इंटरनेट पत्त्याला) सभ्य बॅनर दाखवतात आणि बाकीच्यांना दुसराच.

हेडलाइन बदलली तरी जुने शब्द पानाच्या पत्त्यात, फोटोच्या फाइलनावात, ऑल्ट टेक्स्टमध्ये (फोटोला जोडलेल्या वर्णनात) आणि शेअर केल्यावर दिसणाऱ्या प्रिव्ह्यूत राहतात. पत्ता बदलून जुन्यावर ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडणाऱ्याला कायमचं नव्या पत्त्यावर नेणारी सोय) लावा, फाइल नव्या नावाने चढवा, सीडीएनची (फाइलींच्या प्रती वाटणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याची) कॅशे म्हणजे साठवलेल्या प्रती रिकाम्या करा आणि गूगलच्या सर्च कन्सोलमधून (साइटमालकांसाठीच्या साधनातून) जुन्या फोटोचा पत्ता काढायची विनंती टाका. साधारण महिन्याभराने क्रिएटरचं नाव इमेज सर्चमध्ये टाकून पाहा. जुनं थंबनेल अजून येत असेल तर ते बहुधा एखाद्या अफिलिएटच्या सर्व्हरवर पडलेलं असतं.