वाटणीला आलेला माळ परत गवताचा कसा करायचा

विहिरीची जमीन भावाला गेली आणि माळ तुमच्या वाट्याला आला, असं बऱ्याच घरात होतं. मग प्रत्येक जण सांगतो झाडं लाव, ग्लिरिसिडिया लाव. लावू नका. बारामती, इंदापूर, सोलापूरकडचा माळ हा तुटलेलं जंगल नाही, मुळातच गवताचा आहे. चिंकारा, लांडगा, धाविक पक्षी उघड्यावरच राहतात. आधीची बोर, हिवर राहू द्या.

आधी सातबारा बघा, मोजणी करून हद्दी पक्क्या करा, नाहीतर गवत वाढल्यावर भांडणं होतात. मग एक पावसाळा काहीच करायचं नाही, फक्त फिरायचं. बांधाला, दगडांच्या कडेला जिथे नांगर पोचलाच नाही तिथे पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही मूळची गवतं अजून टिकून असतात, गावातल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला सोबत घ्या, तो पात्यावरून ओळखतो. त्या जागा खुणा करून ठेवा, तुमचं बियाणं तिथलंच.

आता खरी मेहनत, काढायची. वेडी बाभूळ नुसती कापली तर दुप्पट फुटवे येतात, खोडाखालचा गड्डा फूटभर खोल खणून काढायचा, मोठ्या झाडाला जेसीबी पण फक्त तेवढ्याच जागी, सगळा माळ उकरून ठेवायचा नाही. गाजर गवत फुलायच्या आधी उपटा, ओल असताना, हातमोजे घालून. त्याच्यावर तो पट्ट्यापट्ट्यांचा मेक्सिकन भुंगा दिसला तर मारू नका, पानं खायलाच आलाय. रान आधी कांद्याचं किंवा ज्वारीचं असेल तर दोनेक वर्षं तणच जास्त येणार, घाबरू नका, कापत राहा.

बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धरतं. ओंबी हातात ओढली की सहज सुटली पाहिजे, हिरवी ओरबाडू नका. सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा, लगेच पेरायची घाई नको, ताजं बी नीट उगवत नाही. पुढच्या जूनला पहिल्या चांगल्या पावसावर पेरा. बी इतकं हलकं असतं की वाऱ्यावर उडतं, म्हणून माती, शेणखत, वाळू कालवून बारीक गोळ्या करा, नाहीतर ओल्या वाळूत मिसळून फेका आणि वरून काट्याची फांदी ओढा. अर्ध्या इंचाच्या खाली गेलं की संपलं. कुसळीला हेही लागत नाही, ओल लागली की तिच्या कुसळाचा पीळ सुटतो, वाळलं की परत पिळतं, आणि बी स्वतःच जमिनीत शिरतं (तुमच्या पँटमध्ये पण). मारवेलचे मुळासकट ठोंब दीड-दीड फुटावर लावले तर लवकर बसतात. युरिया नको, तो तणालाच लागतो.

पहिलं वर्ष चराई पूर्ण बंद. नुसतं कुंपण घालून भागत नाही, मेंढपाळांशी आधीच बोला, दिवाळीनंतर त्यांचे वाडे (बिऱ्हाडासकट कळप) बाहेर पडतात तेव्हा रस्ता तुमच्या माळावरून असेल तर एक पट्टा मोकळा ठेवा म्हणजे बाकीचं वाचतं. दुसऱ्या वर्षापासून बी पडल्यावर वीतभर ठेवून कापा, वैरण विकली जाते. नंतर माळाचे तीन भाग करून आळीपाळीनं चरायला द्या, कारण अजिबात चरलं नाही तर जुनं गवत दाटून नवीन फुटत नाही.

फेब्रुवारीच्या आत हद्दीवर दहाएक फुटांचा जाळपट्टा (आग अडवायचा मोकळा पट्टा) साफ करा. शेजारी पाचट पेटवतोच.