जपानमध्ये टीव्हीवरचा कार्यक्रम डीव्हीडीवर ठेवायचाय? रेकॉर्डर घेताना या चुका टाळा

मुलांच्या शाळेतला उत्सव स्थानिक वाहिनीवर दाखवणार असतील, की जपानमधल्या मराठी घरांत लगबग सुरू होते: रेकॉर्ड करून ठेवू, सुट्टीला जाताना आजी-आजोबांना दाखवायला नेऊ. मग रीसायकल शॉपमधून स्वस्तातला डीव्हीडी रेकॉर्डर येतो. कार्यक्रम डिस्कवर उतरतो, आणि पुण्याला घरच्या प्लेयरमध्ये घातल्यावर डिस्क चालतच नाही. यात बहुतेक वेळा ना यंत्र बिघडलेलं असतं, ना डिस्क. डिस्क शेवटी कुठल्या प्लेयरवर लागणार हे कुणी आधी पाहिलेलंच नसतं. ते आधी ठरवा, मग रेकॉर्डर निवडा.

थोडं मागचं माहीत असलं की बाकीचं सोपं जातं. जपानमध्ये जमिनीवरून होणारं डिजिटल प्रक्षेपण डिसेंबर २००३ मध्ये टोकियो, ओसाका आणि नागोया भागांत सुरू झालं. एप्रिल २००४ पासून कार्यक्रमांबरोबर 'एकदाच कॉपी' अशी खूण येऊ लागली. हार्ड डिस्कवर उतरलेला कार्यक्रम हीच ती एक प्रत. तो डीव्हीडीवर घेतला की हार्ड डिस्कवरून पुसला जातो. याला मूव्ह म्हणतात. मूव्ह चालू असताना वीज गेली किंवा डिस्क खराब निघाली, तर कार्यक्रम दोन्हीकडून जायचा. लोकांची तक्रार रास्तच होती. ४ जुलै २००८ पासून 'डबिंग १०' लागू झालं: नऊ वेळा कॉपी, दहाव्या वेळी मूव्ह. पैसे भरून पाहायच्या बऱ्याच वाहिन्यांवर मात्र एकदाचाच नियम राहिला. आणि डिस्कवर उतरलेल्या प्रतीची पुढची प्रत कुठल्याच नियमात निघत नाही.

म्हणून २००८ च्या आधीचं मॉडेल घेताना ते डबिंग १० ओळखतं का, हे आधी विचारा. ओळखत नसेल, तर प्रत्येक कार्यक्रम ते 'एकदाच' समजूनच वागवतं.

ट्यूनर न पाहता घेणं

अगदी स्वस्त मिळणाऱ्या जुन्या रेकॉर्डरमध्ये पुष्कळदा फक्त ॲनालॉग ट्यूनर (जुन्या पद्धतीच्या वाहिन्या पकडणारा भाग) असतो. ॲनालॉग प्रक्षेपण २४ जुलै २०११ ला बंद झालं. भूकंपाचा तडाखा बसलेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमात ते ३१ मार्च २०१२ पर्यंत चाललं. आज असल्या यंत्राला अँटेनाची वायर जोडून काहीच दिसणार नाही. पुढच्या बाजूला 'चिदेजी'ची (जमिनीवरच्या डिजिटल प्रक्षेपणाची) खूण आणि बी-कॅस कार्डाची (डिजिटल वाहिन्यांचं कुलूप उघडणाऱ्या कार्डाची) खाच आहे का, ते बघा. खाच असून कार्ड नसेल तरी चित्र येत नाही, म्हणून कार्ड सोबत मिळतंय ना, हे दुकानातच तपासा. लाल कार्डावर उपग्रह वाहिन्याही दिसतात, निळ्यावर फक्त जमिनीवरच्या.

सेट-टॉप बॉक्समधून पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जुन्या रेकॉर्डरमध्ये चित्र घेता येतं, हे खरं. पण कॉपीची खूण त्या वायरीतूनही येते आणि रेकॉर्डर ती मानतो. वायर बदलून नियम चुकवता येत नाही.

चुकीची डिस्क: सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथे

कॉपीची खूण असलेला कार्यक्रम डीव्हीडीवर घ्यायला तीन गोष्टी एकत्र लागतात: सीपीआरएम (डिस्कवरचं कॉपी रोखणारं कुलूप) जाणणारा रेकॉर्डर, सीपीआरएमची डिस्क आणि व्हीआर मोड (टीव्हीचं रेकॉर्डिंग डिस्कवर लिहायची एक पद्धत). यातली एक जरी नसली, तरी रेकॉर्डर कॉपी करायला नकार देतो, आणि माणूस यंत्राला दोष देत बसतो.

दुकानात डिस्कच्या पाकिटावर दोन शब्द नीट वाचा. 'रोकुगा-यो' म्हणजे रेकॉर्डिंगसाठी, 'देता-यो' म्हणजे डेटासाठी. दुसऱ्या प्रकारच्या बहुतेक डिस्कवर सीपीआरएम नसतं. त्या कॉम्प्युटरवरचे फोटो ठेवायला उत्तम, टीव्हीच्या कार्यक्रमाला निरुपयोगी. पहिल्या प्रकारातही 'सीपीआरएम ताइओ' (सीपीआरएम चालतं) असं छापलेलं हवंच. डीव्हीडी-रॅम, डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-आर या तिन्हींत सीपीआरएमच्या डिस्क मिळतात. नावात अधिकचं चिन्ह असलेल्या प्लस आर आणि प्लस आरडब्ल्यू डिस्कवर ही सोय नसते, त्या घेऊच नका.

योग्य डिस्क असूनही कॉपी अडली, तर मोड बघा. कोरी डीव्हीडी-आर आधी व्हीआर मोडमध्ये फॉरमॅट करावी लागते. एकदा व्हिडिओ मोडमध्ये लिहिली की ती परत फिरवता येत नाही. आरडब्ल्यू मात्र पुन्हा फॉरमॅट करता येते, म्हणून नवशिक्याने सुरुवात आरडब्ल्यूने करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या प्लेयरवर लावायची डीव्हीडी-आर शेवटी फायनलाइझ करायला, म्हणजे दुसऱ्या यंत्राला वाचता यावी म्हणून लेखन बंद करायला, विसरू नका. मात्र त्यानंतर तिच्यावर काही वाढवता येत नाही.

डीव्हीडीवर एचडी मिळेल ही अपेक्षा

नेहमीच्या व्हीआर मोडमध्ये चित्र साध्या दर्जात उतरतं. ४.७ जीबीच्या डिस्कवर एसपी दर्जाने साधारण दोन तास, एक्सपीने एक तास. पॅनासॉनिकच्या काही रेकॉर्डरमध्ये एव्हीसीआरईसी आणि तोशिबाच्या काहींत एचडी रेक नावाने डीव्हीडीवरच एचडी ठेवायची सोय होती, पण त्या डिस्क लावायला तीच पद्धत ओळखणारं यंत्र लागतं. एचडीच हवं असेल, तर ब्लू-रे रेकॉर्डर घ्या. तो डीव्हीडीही लिहितो.

हार्ड डिस्कवर भरवसा ठेवून राहणं

रेकॉर्डिंग ज्या यंत्रावर झालं त्याच्याशीच ते बांधलेलं असतं. हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली, किंवा यूएसबीची हार्ड डिस्क दुसऱ्या रेकॉर्डरला जोडली, तरी आतलं उघडत नाही. दुरुस्तीत मुख्य बोर्ड बदलला तरी जुनी रेकॉर्डिंग जाऊ शकतात. जे जपायचंय ते लगेच डिस्कवर घ्या, आणि डबिंग १० असेल तर दोन डिस्क करा.

भारतात नेताना

रीजन कोडची (डिस्क ठरावीक देशांतच चालण्याच्या बंधनाची) काळजी नको, घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कला तो नसतो. एनटीएससी ही जपानची टीव्हीच्या चित्राची पद्धतही आपल्याकडचे बहुतेक प्लेयर दाखवतात. अडचण सीपीआरएम आणि व्हीआर मोडची आहे; आपल्याकडच्या साध्या प्लेयरकडून ती अपेक्षा ठेवू नका. रेकॉर्डरच नेऊ म्हणाल, तर जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. ट्रान्सफॉर्मरशिवाय जोडला तर तो जळेल.

मला पटलेला मार्ग असा: सीपीआरएम चालणारा छोटा पोर्टेबल डीव्हीडी प्लेयर जपानमध्येच घ्यायचा आणि डिस्कबरोबर तोच न्यायचा. त्याच्या ॲडॅप्टरवर '१००–२४० व्होल्ट' लिहिलेलं आहे का, ते खोकं उघडून वाचा. फक्त १०० लिहिलं असेल तर तो ठेवून द्या, दुसरा बघा.

सीपीआरएम तोडून साधी फाइल बनवून देतो, असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. ऑक्टोबर २०१२ पासून जपानच्या कायद्यात असं कुलूप तोडून केलेली प्रत घरच्या वापरासाठीही चालत नाही.

निघायच्या आधी एक काम नक्की करा. डिस्क सोबत नेणार त्याच प्लेयरमध्ये लावून सुरुवात, मधला भाग आणि शेवट पाहा. डबिंग १० मुळे हार्ड डिस्कवर मूळ रेकॉर्डिंग उरलं असेल, तर तोवर ते पुसू नका.