समता कायदा शिकताना 'प्रतिष्ठा' या शब्दाने घेतलेली परीक्षा

समता कायद्यावरच्या, म्हणजे भेदभाव रोखणाऱ्या कायद्यावरच्या, माझ्या पहिल्या टिपणात 'मानवी प्रतिष्ठा' हा शब्द जवळपास प्रत्येक परिच्छेदात होता. मार्गदर्शक बाईंनी पेन्सिलीने तो सगळीकडे खोडला आणि टिपण परत दिलं. "आता वाच. मुद्दा उरतो का?" उरला नव्हता.

आपल्या भाषेची एक अडचण आधी सांगते. 'प्रतिष्ठित' म्हणजे समाजात वजन असलेला माणूस. कायद्यातली प्रतिष्ठा याच्या नेमकी उलट: ती कमवावी लागत नाही, कुणाची कमी-जास्त नसते. हे डोक्यात पक्कं बसायला मला बरेच दिवस लागले.

मग हा शब्द लागतो कशाला? मला ते जॅक्सन शहराच्या खटल्यामुळे कळलं. मिसिसिपीतल्या या शहरात गोऱ्यांसाठी चार आणि काळ्यांसाठी एक असे पोहण्याचे तलाव होते. वेगळेपणा संपवायची वेळ आली तेव्हा शहराने एकत्र तलाव चालवण्याचं नाकारलं आणि तलाव चालवणंच बंद केलं. 1971 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ते मान्य केलं: तलाव कुणालाच नाही, मग भेदभाव कुठे? नुसती तुलना केली तर हिशेब जुळतो. पण 'तुमच्यासोबत एका पाण्यात उतरण्यापेक्षा तलाव नसलेला बरा' हा अपमान त्या हिशेबात दिसतच नाही. तो दिसायला प्रतिष्ठेची कल्पना लागते.

म्हणून तिची कसोटी करावी, असं वाटेल. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 च्या 'लॉ' खटल्यात (लॉ हे दाद मागणाऱ्या बाईचं आडनाव) तेच केलं. तीस वर्षांच्या विधवेला वयामुळे नवऱ्यामागची पेन्शन नाकारली होती. यात तिच्या प्रतिष्ठेला धक्का नाही, असं ठरलं. पुढे 2008 च्या 'कॅप' निकालात त्याच न्यायालयाने मान्य केलं की, प्रतिष्ठेची कसोटी अमूर्त आहे आणि दाद मागणाऱ्यावर जास्तीचं ओझं झाली आहे.

नव्याने शिकणाऱ्यांनी हे दोन्ही निकाल लागोपाठ वाचावेत. वाचताना समासात लिहा: इथे हा शब्द कोणाच्या कामी आला, दाद मागणाऱ्याच्या की सरकारच्या? मग दक्षिण आफ्रिकेचा 1997 चा 'ह्यूगो' घ्या. राष्ट्राध्यक्ष मंडेलांनी लहान मुलं असलेल्या कैदी आयांना शिक्षेत माफी दिली, बापांना नाही. न्यायालयाने बहुमताने ती माफी उचलून धरली. न्यायमूर्ती क्रीगलर यांचं विरोधी मत मात्र सोडू नका. मुलं सांभाळणं बाईचंच काम, हे गृहीतक त्यांना खुपलं होतं. मी ते तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा माझं मत बदललं.