कार्ड थकलेलं असताना एसआयपी? या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दोन-तीन टॉवेल कारखान्यांचे हिशेब मी लिहितो. दिवाळीचा बोनस झाला की आठवडाभर एकच प्रश्न येतो, "कशात टाकू?" मी उलट विचारतो, "कुणाचं किती द्यायचंय?" तिथं गाडी अडते.

मागच्या वर्षी एक मित्र टपरीवर छाती फुगवून म्हणाला, "एसआयपी चालू केली बे, महिना दोन हजारांची." म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकणं. पण गड्याच्या क्रेडिट कार्डावर ४०,००० थकलेले आणि हा दरमहा 'मिनिमम ड्यू' भरून निवांत! बिस्किटाच्या पुड्यावरच मांडून दाखवलं. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२. किमान भरणा पाच टक्के, म्हणजे २,०००. मुद्दलातून गेले ३४८ रुपये. वर थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही; आज पेट्रोल भरलं की आजपासूनच व्याज. वर्षाला ४२ टक्के देऊन एसआयपीतून १२ टक्क्यांची आशा धरायची, याला गुंतवणूक कसं म्हणायचं?

उपाय त्याला आवडला नाही. एसआयपी थांबव, कार्ड कपाटात टाक आणि घरातलं सोनं बँकेत ठेवून कार्ड एकरकमी मिटव. सोनेतारणाचं व्याज कार्डाच्या मानानं खूपच कमी असतं. वहिनींच्या पाटल्या गेल्या, आठवडाभर अबोला झाला. पण तारणाचं मुद्दलही दरमहा फेडायचं, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. नाहीतर दागिने लिलावात जातात.

थकबाकी लांबली की वसुलीवाल्याचा फोन येतो, "तीस हजार भरा, विषय संपवा." हे गोड वाटतं. पण सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीच्या अहवालावर, 'सेटल्ड' (कमी रकमेत मिटवलं) असा शेरा बसतो आणि पुढं घरकर्जाला तोच आडवा येतो. जमत असेल तर पूर्ण भरा, 'नो ड्यूज'चं पत्र घ्या आणि काही आठवड्यांनी नोंद 'क्लोज्ड' झाली का बघा. अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. चूक दिसली तर तिथंच ऑनलाइन तक्रार टाकता येते.

गाडीच्या कर्जात 'फक्त १२ टक्के' ऐकलं की फ्लॅट का, हे आधी विचारा. एक लाख, दोन वर्षं, फ्लॅट १२ टक्के: व्याज २४,०००, हप्ता ५,१६७. मुद्दल महिन्याला घटतं, व्याज मात्र पूर्ण लाखावर लागतं. घटत्या शिलकीनं मोजलं तर हा दर साडेएकवीसच्या आसपास पडतो.

भिशीबद्दल थोडक्यात: लिलावाच्या भिशीत (सगळ्यात कमी रक्कम घ्यायला तयार होईल त्याला उचल) पहिल्यांदा उचलणारा कर्जच काढत असतो. पन्नास हजारांची भिशी बेचाळीसला उचलली, तर आठ हजार व्याज आधीच कापलं गेलं.

आता ठेवी. आपल्याकडं बँक आणि पतसंस्था एकाच दमात बोलतात. सहकारी बँकेतल्या ठेवीला व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, त्याआधी १ लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. टक्का-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून निवृत्तीचे सगळे पैसे एका पतसंस्थेत ठेवणारे मी पाहिलेत. माणसं ओळखीची असतात, हाच त्यांचा आधार.

कर्ज मिटल्यावर काय? तोच मित्र वही घेऊन आला. विजापूर रोडकडं एक प्लॉट, सोडवून आणलेल्या पाटल्या, सासऱ्यांच्या आग्रहानं घेतलेली एक मनी बॅक पॉलिसी. उद्या दवाखान्यात पन्नास हजार लागले तर यातलं काय मोडायचं? प्लॉटचा कोपरा विकता येत नाही. आधी चार महिन्यांचा घरखर्च एफडीत, मग आरोग्य विमा आणि टर्म प्लॅन (मुदतीचा जीवन विमा), मग पीपीएफ ही सरकारी बचत योजना. त्याची मुदत १५ वर्षं, म्हणून त्यात जपूनच. तेवढं झाल्यावर निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टी निर्देशांकातल्या मोठ्या कंपन्यांत पैसे वाटून टाकणाऱ्या फंडात, महिना दोन हजार. सोनं नवीन नको, ते घरात आहेच.

हे शेवटचं वहिनींना मान्य नाही.